अर्धं पाऊल मागे

माझी मामेबहीण चिंगी जन्मापासून आंधळी, आणि आंधळ्यांच्या चारशे मीटरला तिच्या पुढे जाणारं देशात कोणी नाही. मी तिचा वाटाड्या. एका दोरीची दोन टोकं आम्हा दोघांच्या मनगटांना बांधलेली. वळण आलं, सरळ आलं, हे पळता पळता मी ओरडून सांगायचं. एकच नियम जीवघेणा. शेवटच्या रेषेवर वाटाड्याने अर्धं पाऊल मागे राहायचं; तो आधी पोचला तर दोघंही बाद.

त्या दिवशी पहिली आली की तिचं जागतिक स्पर्धेला जाणं पक्कं होतं. सकाळी पेपरात तिचा फोटो आला. माझं त्यात फक्त मनगट. सात वर्षं रोज पहाटे उठून मी काय गवत उपटत होतो? नाकावर राग घेऊनच मी मैदानात गेलो.

अंग गरम करताना ती म्हणाली, "दादा, आज दोरी ताठ आहे. रागावलायस का?"

"छे, तुझं आपलं काहीतरीच." दोरीतून जिला माझी सर्दीसुद्धा कळते, तिलाच मी बनवायला निघालो होतो.

पळालो मात्र झकास. शेवटच्या वीस मीटरला समोर फोटोवाले दिसले आणि माझी मती फिरली. या खेपेला आपलं तोंड दिसलंच पाहिजे, एवढंच डोक्यात. मी छाती पुढे काढली.

चिंगीने दोन्ही हात वर केले, तिच्याबरोबर माझाही ओढला गेला. टाळ्या चालू होत्या. मग फलकावर तिच्या नावापुढे 'बाद' आलं आणि टाळ्या थांबल्या. काय झालं, तिने विचारलं. पंचांनी डाव साधला, असं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. तिला कुठे दिसणार होतं? हा विचार मनात आला, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"मी तुझ्या आधी पोचलो," मी म्हणालो. "चुकून नाही. मला फोटोत यायचं होतं."

 ती म्हणाली, "सकाळी सांगितलं असतंस तर कडाकडा भांडलो असतो, आणि नीट पळालो असतो."

एरवी तिच्या मनगटाची दोरी मी सोडतो. आज तिने चाचपडत स्वतःच सोडली. बाहेर जायला जिना होता. नऊ पायऱ्या आहेत, मी सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदाच तिने पायाने एकेक मोजून पाहिली.