हिरव्या पाण्याची तक्रार

उर्वीला वर्षभरात दुसऱ्यांदा कावीळ झाली, तेव्हा तिच्या आत्याने, जयाने, धाकट्या भावाला एकच प्रश्न विचारला: संडासाचे पाणी जाते कुठे? भूपेंद्रने मोबाइलमधला फोटो दाखवला. विटांची पक्की टाकी आणि शेजारी ताठ उभा तो स्वतः. याच फोटोवर पंचायतीने त्याला पक्क्या संडासाचा दाखला दिला होता.

जया देवासला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. मोजल्याशिवाय ती काही मानत नसे. भावाचा शब्द तेवढा तिने कधी मोजला नव्हता. बागलीजवळच्या या गावाची नळयोजनेची विहीर नदीतल्या डोहाला लागून होती. पंचायतीच्या अहवालात तिचे पाणी नेहमीच शुद्ध असे. नमुना घ्यायच्या दिवशी पहाटे विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते, हे पंपवाल्यानेच तिला अभिमानाने सांगितले होते.

पुढच्या रविवारी तिने प्रयोगशाळेतून फ्लुओरेसीन आणले. नेत्रतज्ज्ञ रुग्णाच्या शिरेत सोडतात तेच रंगद्रव्य. रंगपंचमी होऊन गेली की हो, अशी भावजयीने, नेहाने थट्टा केली. गल्लीतली अकरा घरे तपासायची होती. पक्षपाताचा आरोप नको म्हणून जयाने आरंभ माहेरच्या संडासात रंग ओतून केला. टाकी खरी असती, तर रंग निदान दोन-तीन दिवस तिच्यातच अडकला असता.

बाविसाव्या मिनिटाला नाल्यात हिरवी धार उतरली. हा नाला विहिरीच्या वरच्या अंगाला, चाळीस पावलांवर नदीला मिळत होता. संध्याकाळी गावभरच्या नळांना हिरवट पाणी आले.

भूपेंद्र ओट्यावर मान खाली घालून बसला. टाकी होती ती फक्त सरपंच उमाशंकरच्या अंगणात. फोटोच्या दिवशी गल्लीतले सगळे आळीपाळीने तिच्याशेजारी उभे राहिले होते.

"सगळ्यांचंच असं आहे, ताई."

"अकरा घरांचा मैला आहे, म्हणून उर्वीच्या पेल्यात कमी येतो का?"

तेवढ्यात उमाशंकर टाइप केलेला अर्ज घेऊन आला. जयाने विहिरीत अज्ञात रसायन टाकून पाणी दूषित केले, अशी तक्रार होती. नऊ वर्षे मैला वाहत होता, तेव्हा कुणाला एका ओळीचा अर्ज सुचला नव्हता. एका दिवसाच्या हिरव्या रंगाने मात्र पंचायतीचा विवेक जागा झाला होता. साक्षीदार म्हणून भूपेंद्रचे नाव आधीच छापलेले होते.

"भिया, तुम बस दस्तखत कर दो. घर की बात है, आगे नहीं बढ़ाएँगे."

भूपेंद्रने आत पाहिले. उर्वी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी हिरवट पाण्याचा तांब्या तसाच होता. त्याने पेन घेतले, 'कुएँ में डाला' हे शब्द खोडले आणि वर सावकाश लिहिले: 'मेरे संडास में डाला. वहाँ से कुएँ में पहुँचा.' मग सही केली.

इतक्या वर्षांत त्या पाण्याविषयी लिहिला गेलेला हा पहिला खरा अहवाल. उमाशंकरने कागद परत मागितला. जयाने तो आधीच घडी घालून पर्समध्ये ठेवला होता.