अक्काने सांगितलेला कलीचा अर्थ

फाल्गुनातल्या दुपारी कडुलिंबाची पिवळी पानं अंगणभर घरंगळत जावीत, तसा माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज होता. कोरडा, हलका, कुठेही न अडणारा. परभणीच्या एका शाळेत अक्काने निवृत्त होईपर्यंत संस्कृत शिकवलं. एखादा शब्द हाती आला की त्याचं मूळ सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे.

गेल्या फाल्गुनात तिचा एकुलता एक मुलगा, निखिल, उड्डाणपुलाजवळ दुचाकीवरून पडला. भोवती गर्दी जमली, मोबाइल उंचावले गेले. अखेर कुणीतरी त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. अक्का रडली नाही. भेटायला येणाऱ्यांसमोर ती भिंतीला टेकून बसून राही. उन्हाचा तापलेला चौकोन तिच्या पावलांवर चढे, आणि ती पाय आखडून घेत नसे.

बोरीहून आलेल्या आमच्या काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "घोर कलियुग हाय बाई. लेकरू तडफडायलंय अन् लोक फोटो काढायलेत."

अक्काने मान वर केली. वर्गातल्याच संथ, सम सुरात ती म्हणाली, "कली हे आधी युगाचं नाव नव्हतं, काकू. फाशांच्या खेळातलं हरणारं दान, त्याला कली म्हणायचे. पुढं पुराणं रचणाऱ्यांनी तेच नाव वाईट काळाला दिलं. त्या काळात माणूस माणसाला विचारणार नाही, असं लिहून ठेवलं."

काकूंनी ओशाळून पदर सावरला. मला मात्र तिच्या त्या निर्विकार स्पष्टतेचं भय वाटलं. स्वतःच्या मुलाबद्दल ती एक अक्षरही बोलली नव्हती.

त्याच संध्याकाळी एक प्रौढ रिक्षावाला दाराशी येऊन उभा राहिला.

"मी सलीम. तुमच्या लेकाला मीच नेलं होतं, बाई. यायची हिंमतच होईना."

"शुद्धीवर होता?" अक्काने विचारलं.

"होता की. माझं नाव इचारलं त्यानं. मंग म्हणला, सलीमभाई, जरा हळू घ्या, खड्डे लय हायेत."

"नाव विचारलं?"

"हां. बोलतच होता माझ्यासंगं. दवाखाना जवळ आला तवा गप झाला."

अक्का भिंतीचा आधार घेत उठली. आत जाऊन तिने स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणला. "बसा, सलीमभाई," ती म्हणाली, आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. डोळे तसेच कोरडे होते. रिकामा तांब्या तिने दोन्ही हातांनी परत घेतला.

आता मार्गशीर्ष आहे. कुणी तिच्यासमोर कलियुगाला दोष दिला, तर ती अर्थ सांगत नाही, होकारही देत नाही. ती अजून रडलेली नाही. काळ पुढे जातो म्हणतात. मला दिसतं ते एवढंच, की एक माणूस नसतो, आणि त्याच्या नसण्याभोवती ऋतू आपापल्या वेळेला येतात, घटकाभर टेकतात आणि काही न बोलता उठून जातात.