आधी थोरल्याचं छप्पर

“खिळा वाकवू नकोस रे, सरळ उपट. परत लागणारेय तो,” ओगाडाकाका खालून ओरडले.

छपरावर टोबियास उकिडवा बसला होता. त्याने खिळा सरळ उपटला, दातांत धरला आणि पत्रा खाली सोडला. खाली झाब्लोनमास्तर हात वर करून उभे होते. त्यांनी तो धरला आणि आधीच्या सहा पत्र्यांवर रचला. मास्तरांचं वय सत्तावन्न. असल्या कामाची त्यांना सवय नव्हती आणि करा म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. पण हे छप्पर चढलं तेव्हा पहिला पत्रा त्यांनीच हौसेने वर दिला होता. आता उतरताना खुर्ची टाकून बसणं त्यांना जमेना.

या छपराखाली गेलं वर्षभर माशांची कातडी कमावली जात होती. केनियातल्या किसुमूच्या कारखान्यांतून म्बुटा या सरोवरातल्या मोठ्या माशाचं मांस परदेशी जातं आणि मागे सांगाडा नि कातडं उरतं. सांगाडे बायका तळून रस्त्यावर विकतात, कातडं मात्र कुत्र्यांच्या वाट्याला जायचं. टोबियासने ते आणून कमवायला घेतलं, आणि त्याचे बटवे, चपलांचे पट्टे होऊ लागले. गावातल्या अकरा बायका उकळत्या तेलाच्या कढईसमोरून उठून या छपराखाली सावलीत येऊन बसल्या. एवढ्याशा गोष्टीचं मास्तरांना फार अप्रूप होतं.

मास्तर विद्यापीठातले, पण प्राध्यापक नव्हेत. मूळचे रसायनशाळेतले मदतनीस. सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार झाला आणि पदवी घेऊन नोकरीच्या रांगेत ताटकळणाऱ्या पोरांना धंदा उभारायला शिकवायचं ठरलं. धंदा असा, की गावाचंही भलं व्हावं आणि आणखी चार हातांना काम मिळावं. प्राध्यापक पडद्यावर रंगीत चित्रं दाखवीत. पण हौदातलं कातडं कुजायला लागलं की पोरं फोन करीत ती मास्तरांना. मग मास्तर भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून धूळ खात खेड्यात जात, बाह्या सरसावून हौदात हात घालीत आणि म्हणत, “मीठ कमी पडलंय, गाढवा.” त्यांच्या नावापुढे कुठलीच पदवी नव्हती, पण साठेक धंदे त्यांच्या हाताखालून गेले होते आणि त्यातले निम्मे तरी अजून तग धरून होते.

करारात एक अट होती. दुसऱ्या वर्षीची मदत हवी, तर धंद्याला स्वतःच्या जागेवर पक्कं छप्पर पाहिजे. येत्या मंगळवारी परदेशची माणसं ते बघायला येणार होती. मदत मिळाली तर मोठे हौद येणार होते, बायकांचं काम कायमचं होणार होतं. आणि आज, शुक्रवारी, ते छप्पर उतरत होतं.

चूक कुठे झाली ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. वर्षापूर्वी याच अंगणात टोबियास म्हणाला होता, “मास्तर, जागा आहे हो, पण थोरल्याने अजून घर नाही बांधलं. त्याच्या आधी मी कसा खांब रोवू?”

लुओ जमातीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फाटकाच्या उजव्या अंगाला थोरल्या मुलाचं घर, मग डाव्या अंगाला धाकट्याचं. थोरल्याच्या आधी धाकट्याने छप्पर घातलं, तर ते थोरल्याच्या जिवावर येतं. मास्तर स्वतः लुओ. पण चाळीस वर्षं शहरात काढलेली, त्यामुळे रीत ठाऊक होती तसा तिला बगल द्यायचा मार्गही ठाऊक होता.

“तू घर कुठे बांधतोयस?” ते म्हणाले होते. “कारखाना बांधतोयस. तिथे निजायचं नाही, चूल पेटवायची नाही. मग ते घर कसलं रे? गोठा बांधायला कधी थोरल्याची परवानगी लागते का?”

टोबियास हसला होता. त्याला हसायचंच होतं.

पहिले तीन महिने सगळं ठीक चाललं. मग कातड्यांच्या वासाने रात्री कुत्री यायला लागली. ओल्या कातड्यांची चळतच्या चळत फाडून गेली. टोबियासने आत खाट टाकली. पावसात गारठा झोंबायला लागला, तशी तीन दगडांची चूलही आली. मास्तरांनी खाट पाहिली, चूल पाहिली, आणि एक शब्द बोलले नाहीत. उलट त्या चुलीवरचा चहा प्याले. टोबियासच्या आईने मात्र एका सकाळी त्या छपरातून निघणारा धूर पाहिला आणि त्या दिवशी ती जेवली नाही, असं त्या अकरा जणींतल्या रोझलिडाने त्यांना पुढे कधीतरी सांगितलं होतं.

टोबियासचा थोरला भाऊ एलियाकिम मोंबासाच्या बंदरात हमाली करायचा. नऊ वर्षांत तो घरी आला नव्हता. गेल्या शनिवारी सिमेंटच्या गोण्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली. उद्या सकाळी त्याचं शव फाटकाशी येणार होतं, परवा माती व्हायची होती. आणि ज्याचं बापाच्या अंगणात घर नाही, त्या माणसाला थेट खड्ड्यात कसं नेणार? एक रात्र का होईना, त्याने आपल्या छपराखाली निजायला हवं. म्हणून एका दिवसात घर उभं करायचं होतं, फाटकाच्या उजव्या अंगाला.

मास्तर सकाळी आले होते तेच तावातावाने. “काका, नवे पत्रे मी आणून देतो. आत्ता जातो बाजारात. हे छप्पर राहू द्या. अकरा घरांचं पोट आहे त्यावर.”

ओगाडाकाका बापाच्या मागे या घरातले वडीलधारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “पत्र्यांचा प्रश्न नाही, मास्तर. आधी कुणाचं छप्पर, हा प्रश्न आहे. धाकट्याचं उभं असताना थोरला फाटकातून आत येणार नाही. चार माणसं त्याला उचलतील, पण तो यायचा नाही.”

“मातीनंतर परत बांधू मग. सोमवारी.”

“सोमवारी? सुतक फिटेपर्यंत या अंगणात नवा खांब नाही रोवायचा. तुम्ही कुठले हो? गोऱ्यांच्यातले का?”

टोबियास तेवढ्यात शिडी घेऊन आला. त्याचे डोळे सुजले होते. “मास्तर, बाजूला व्हा,” तो म्हणाला. “मला चढू द्या.”

“टोबी, मंगळवारी ते लोक—”

“मी मारलं त्याला.”

“वेड्यासारखं बोलू नकोस. गोण्या पडल्या त्याच्यावर.”

“गोण्या पडल्या हो. पण त्याच्यावरच का पडल्या?”

मास्तर विज्ञान शिकवणाऱ्यांच्या सावलीत वाढलेले. आम्ल काय, क्षार काय, सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे असे. त्यांचा विश्वास नव्हता या गोष्टीवर, अजिबात नव्हता. तरी ते बाजूला झाले आणि पत्रे झेलायला हात वर केले.

दुपारी शेवटचा पत्रा उतरला. डाव्या अंगाला चार हौद उघड्यावर उन्हात राहिले, कातडी आक्रसायला लागली. कुणी तिकडे बघत नव्हतं. उजव्या अंगाला खांब रोवून झाले होते, कुडाच्या काठ्या बांधून झाल्या होत्या. पत्रे वर चढले. नव्या घराला माशांचा वास येत होता.

आईने मास्तरांना आपल्या घरात बोलावलं. मक्याच्या पिठाची उगाली आणि ओमेना या बारक्या माशांचं कालवण पुढे ठेवलं. दुःखाच्या घरातलं अन्न नाकारता येत नाही.

“खा,” ती म्हणाली. “तुमचा दोष नाही काढत मी. तुम्ही पोराचं भलंच बघितलं.”

मास्तर मान खाली घालून चिवडत राहिले. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही कितवे?” तिने विचारलं.

“थोरला.”

“घर बांधलंय गावाकडे?”

मास्तर विद्यापीठाच्या खोल्यांत राहत. गावी जाणं दर सुट्टीत पुढे ढकललं जाई. “नाही, आई.”

“धाकटा आहे?”

“आहे. बाजारात भाड्याच्या खोलीत राहतो. बायको, पोरं सगळं तिथेच.”

“किती वर्षं?”

“वीस झाली.”

आईने त्यांच्या ताटात आणखी एक वाढणी वाढली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. स्वतःच्या भावाला वीस वर्षं ताटकळत ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या भावाला शहाणपण शिकवायला गेला होता, आणि ही बाई त्याला जेवू घालत होती.

बाहेर आले तेव्हा त्या अकरा जणी भिंती लिंपत होत्या. लिंपण्याचं काम बायकांचंच. कोपरापर्यंत चिखल, कमरेची फडकी खोचलेली, तोंडाने चालू असलेलं रडगाणं मध्येच थांबवून एकमेकींना टोमणे मारणं.

“अगं, ते कातडं नव्हे, भिंत आहे! कुरवाळतेस काय?”

“तू तुझा कोपरा बघ. तिथून उद्या बकरी आत शिरेल.”

मास्तरांचा फोन वाजला. विद्यापीठातल्या कचेरीतून प्राध्यापकांची तरुण मदतनीस बोलत होती. मास्तर तिला मुलीसारखीच मानत. “मास्तर, मंगळवारची तयारी झाली ना? बायकांना रांगेत बसवा, म्हणजे फोटो बरा येईल.”

“येऊ नका, बाळ. छप्पर नाही.”

“नाही म्हणजे?”

मास्तरांनी सांगितलं. ती किसिई या दुसऱ्या जमातीची होती, तिला सगळं कळलं नसेल, पण मैत कळलं. “वाईट झालं, मास्तर. पण मग कामगारांची यादी? तुमच्याकडे आहे ती. किती जणांना काम मिळालं, तिथे मला शून्य घालावं लागेल. ती नावं खोडून पाठवा. मी काही करू शकत नाही हो.”

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, पेन्सिल काढली. मांडीवर कागद ठेवून ते ओट्याच्या कडेला बसले. चिखलाचे हात दोन्ही बाजूंना धरून रोझलिडा समोर येऊन उभी राहिली. अकरा जणींत तीच मोठी. पहिलं कातडं खरवडताना अंगठा कापून घेतला होता आणि रडण्याऐवजी हसली होती ती.

“आमची नावं आहेत ना त्यावर?”

“हो.”

“खोडताय?”

मास्तरांना खोटं बोलता आलं नाही. “काम नाही राहिलं, रोझलिडा.”

“ते ठाऊक आहे मला. सोमवारपासून कढई आहेच.” तिने कागदाकडे पाहिलं. “माझ्या नावापुढे काय लिहिलंय?”

“कारागीर.”

“काल ओगाडाकाका एलियाकिमबद्दल लिहीत बसले होते. मातीच्या वेळी वाचायला. जन्म लिहिला, बापाचं नाव लिहिलं, मग पेन थांबलं. म्हणाले, पुढे काय लिहू? हमाल?” ती एक पाऊल पुढे आली. “मास्तर, तेवढं नका खोडू. माझ्या वेळी माझ्या पोरांना वाचायला काहीतरी पाहिजे.”

मास्तरांनी पेन्सिल खिशात टाकली.

“वाचून दाखवा,” मागून कुणीतरी म्हणालं. लिंपणं थांबलं होतं. सगळ्या जणी हात अंगापासून दूर धरून उभ्या होत्या.

मास्तर उठले. टोपी काढली. ओगाडाकाका आणि टोबियासही येऊन कडेला उभे राहिले. “रोझलिडा अविनो, कारागीर,” मास्तरांनी वाचलं. “फेल्गोना अदोयो, कारागीर. सिप्रोझ अनयांगो, कारागीर.” प्रत्येक नावाला ती ती बाई जरा सरळ उभी राहत होती. मास्तर अकरावं नाव होईपर्यंत वाचत राहिले.

वाचून झाल्यावर रोझलिडाने दंडाने डोळे पुसले.

“चला गं,” ती म्हणाली. “मागची भिंत राहिलीय.”