नोंदीतला घरचा फोन

“हा फोन नंबर कुणाचा?” मोठ्या कंपनीच्या टाय लावलेल्या माणसानं कागदावर बोट ठेवून विचारलं.

“माझ्या घरचा,” नंबरकाका म्हणाले.

“घरचा? सगळं जग बघतं त्या नोंदीत?”

“तेव्हा ऑफिसात फोन आला नव्हता.”

मी हसू दाबलं. इंटरनेट विकायला निघालेली कंपनी आणि ऑफिसात साधा फोन नाही, हे त्या टायवाल्याला कोण समजावणार? पण अठरा वर्षांपूर्वी आमचं असंच होतं. दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, त्यात मालक, नंबरकाका आणि तक्रारी ऐकायला मी. मालक गेल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, एकटीनं कंपनी ओढली. आता मात्र त्यांनी हात टेकले होते आणि मोठ्या कंपनीला ती देऊन टाकायचं ठरवलं होतं.

टायवाल्याला आमच्या वायरी नको होत्या, गिऱ्हाइकंही फारशी नको होती. त्याला हवे होते आमचे नंबर. इंटरनेटवर यायचं तर प्रत्येक कम्प्युटरला फोनसारखा एक नंबर लागतो, आणि ते नंबर कुणी मनानं घ्यायचे नसतात. कितीतरी देशांची मिळून एक संस्था आहे. तिचं सभासद व्हायचं, मग ती देते. आम्हाला एक हजार चोवीस मिळाले होते. सभासदत्वाचा तो अर्ज काकांनी तीन दिवस बसून भरला, तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं. संस्थेची नोंद सगळ्यांना उघडी असते: अमुक नंबर कुणाचा, गडबड झाली तर कुणाला फोन करायचा. तिथं काकांनी स्वतःचं नाव आणि घरचा फोन लिहिला. नंतर बदलू म्हणाले, ते राहूनच गेलं.

व्हायचं काय, आमच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या कम्प्युटरला व्हायरस लागला की तो जगभर घाण पाठवत सुटायचा, आणि कुठल्या तरी लांबच्या देशातला वैतागलेला माणूस नोंद बघून काकांच्या घरी फोन करायचा. काका कामावर. फोन घ्यायच्या काकू. त्यांचं इंग्रजी आकड्यांपुरतं, वर “हळू सांगा” आणि “आज साफ होईल” एवढी दोन वाक्यं. पण समोरचा कितीही भडकलेला असो, त्या त्याच्याकडून बिघडलेल्या कम्प्युटरच्या नंबराचे आकडे काढून घेत. पुढे ऑफिसात फोन आला, मग त्या काकांना कळवत, काका मला सांगत आणि मी त्या गिऱ्हाइकाला झापत असे.

नोंद बदलायची गोष्ट मी दोनदा काढली. “राहू दे,” काका म्हणाले, “तिला आवडतं.” चार वर्षांपूर्वी काकूंचे गुडघे गेले, जिना उतरणं बंद झालं. मग तर मी हा विषयच काढला नाही.

“नंबर आमच्या नावावर झाले की तुमचं सभासदत्व बंद,” टायवाला सांगत होता. “त्याआधी संस्था खात्रीसाठी फोन करेल. नोंदीतल्याच नंबरवर. गुरुवारी अकराला.”

काकांनी मान हलवली. घरी जाताना मी त्यांना जिन्यात गाठलं.

“काकूंना सांगितलंत?”

“सांगणार आहे.”

“कधी?”

“गुरुवारच्या आत.”

मला त्यांचा रागच आला, खरं सांगते. एवढे नंबर तोंडपाठ असलेला माणूस, आणि बायकोला एक वाक्य सांगायला याची जीभ उचलत नव्हती.

गुरुवारी पावणेअकराला बाई, टायवाला आणि मी त्यांच्या घरी पोचलो. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, शेजारच्या टेबलावर फोन, वही आणि पेन्सिल. “आज अख्खं ऑफिसच आलं की,” त्या हसून म्हणाल्या. मी काकांकडे बघितलं. ते दारातल्या चपला सरळ करायला लागले. म्हणजे सांगितलेलं नव्हतं.

फोन वाजला. काका पुढे होईपर्यंत काकूंनी सवयीनं उचललासुद्धा. “हळू सांगा” म्हणून त्या लिहायला लागल्या. थोडं लिहिलं आणि थांबल्या. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच नंबर सांगतेय. सगळ्यांनाच व्हायरस लागला का?”

बाई खाली बघत राहिल्या.

“व्हायरस नाही,” काका म्हणाले. “नंबर आपण यांना देऊन टाकतोय. आता तुला फोन येणार नाहीत.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. पलीकडची बाई हॅलो हॅलो करत होती, ते मलाही ऐकू येत होतं.

“कधी ठरलं?”

“महिना झाला.”

“आणि आज सांगताय.”

“धीर झाला नाही गं.”

काकू नको म्हणाल्या असत्या तर काकांनीही फोनवर नाही म्हटलं असतं, याची मला खात्री होती. मग बाईंची सुटका तिथंच अडकली असती. आणि तरी मला मनातून वाटत होतं, म्हणा नको.

काकूंनी फोनवर “एक मिनिट” म्हटलं आणि त्या टायवाल्याकडे वळल्या.

“आता फोन कोण घेणार?”

“मशीन घेतं, काकू. बटणं दाबली की तक्रार नोंदली जाते.”

“आधीच चिडलेला माणूस बटणं दाबत बसेल?”

तो बाईंकडे बघायला लागला.

“लिहून घ्या,” काकू म्हणाल्या. “एका लायब्ररीतली बाई आहे, नेहमी फोन करते. ती आधी माफी मागते, मग सांगते. तिला मध्येच तोडू नका, गडबडते. एका म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, त्याला आकडे परत वाचून दाखवायचे. आणि काम झालं की कळवायचं. आम्ही कळवतो.”

त्या माणसानं खरोखरच पेन काढलं आणि शब्दन् शब्द लिहून घेतला. एवढ्यासाठी मी त्याला बरंच काही माफ केलं.

मग काकूंनी रिसीव्हर काकांपुढे धरला. “घ्या. नाव तुमचं आहे. हो म्हणा.”

संस्थेच्या बाईनं तीनदा विचारलं, काका तीनदा हो म्हणाले. शेवटचं हो त्यांनी काकूंकडे बघत म्हटलं. आमच्या बाई काकूंचा हात धरून रडायला लागल्या, तर काकूच त्यांना थोपटत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात नोंद बदलली. काकांना मोठ्या कंपनीनं ठेवून घेतलं, मला नाही. घरी बसून करमेना, म्हणून एका सकाळी मी सहज काकूंना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला, आणि पान उलटल्याचा आवाज आला.

“काकू, मी आहे.”

“अगं, तू होय,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडे पेन्सिल खाली ठेवलेली मला ऐकू आली.