अमृतरावाच्या माळ्यावरचा डबा

हे कुणी खरं मानणार नाही, पण लातुरात माझ्या घरचं वायफाय एवढं तगडं होतं की शेजारच्या अमृतरावाची कोंबडी रोज सकाळी बरोब्बर नवाला आरवायची. कारण नवाला माझ्या लॅपटॉपचा बॅकअप सुरू व्हायचा.

"सर, कोंबडी कुठं आरवते? कोंबडा आरवतो," लायबा म्हणाली.

"तेच तर सांगून राहिलो. एवढं तगडं होतं!"

लायबा नांदेडात आमच्या समोरच राहते. लातूरला दोन वर्षं क्लास करून आली, आता इथं मेडिकलला आहे. तिच्या लॅपटॉपवर तीन वर्षांच्या नोट्स होत्या आणि वायर न जोडता आपोआप बॅकअप घेणारं काय घेऊ, एवढंच विचारायला ती आली होती. सरळ उत्तर द्यायची मला सवय नाही. म्हटलं, बस, आधी माझं ऐक.

माझ्या लॅपटॉपवर फिजिक्सची चार हजार गणितं होती. पुस्तकातून उचललेली नव्हेत, एकेक स्वतः रचलेलं. मुदखेडहून सुटलेली मालगाडी, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या कड्यावरून सोडलेला दगड, असली. भूकंपाआधी ती सगळी अकरा वह्यांत होती. त्र्याण्णव साली गावाकडचं घर बसलं. आम्ही माणसं वाचलो, वह्या ढिगाऱ्यात गेल्या. अमृतराव माझ्याच शाळेतला मास्तर. तो तीन दिवस हातांनी दगडमाती उपसत होता. त्यानं एक वही काढून दिली. तिच्यावरून मी बाकीच्या दहा आठवून लिहिल्या.

"दहा वह्या? आठवून?"

"बरं, सात. मध्ये बोलू नकोस."

पुढं दोन वर्षं आमचे दोन्ही संसार एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. मध्ये आडोसा म्हणून बायकोचं जुनं लुगडं. कुलूप लावायचं म्हटलं तरी लावणार कशाला? लातुरात प्लॉट घेतले तेही एका भिंतीला भिंत लावून.

म्हणून २०१३ मध्ये बॅकअप घ्यायची वेळ आली तेव्हा माझी एकच अट होती. लॅपटॉप आणि त्याची नक्कल एका छपराखाली नको. कॉम्प्युटरच्या दुकानातला दस्तगीरभाई वैतागला.

"सर, इंटरनेटवर ठेवा की. दुनिया तिथंच ठेवून राहिली."

पण आमच्या गल्लीत क्लासवाल्यांच्या नव्या इमारती उठत होत्या. रोज कुणी तरी रस्ता खोदायचं आणि आमची केबल तुटायची. खिशात मावणारी डिस्क घ्यावी तर ती मी जोडायला विसरणार, आणि घर पडलं तर तीही घरातच. शेवटी दस्तगीरभाईनं एक काळा डबा काढला. वायफायवरून हा स्वतःच रोज नक्कल घेतो म्हणाला. सिग्नल भिंतीपलीकडं पोचत होता. डबा अमृतरावाच्या माळ्यावर, पापडाच्या पिंपाशेजारी बसला.

"पासवर्ड काय टाकू सर?"

"अमृतच्या घरात मी कुलूप लावू? त्याला काय वाटेल?"

"डबा तुमचा हाय, घर त्यांचं हाय. माझं ऐका, टाकून ठेवा."

मी टाकू दिला नाही.

लायबानं कपाळावर हात मारला.

दोन वर्षांनी अमृतराव रिटायर झाला आणि त्यानं क्लास काढला. मला आनंदच झाला. बोर्डापुढं नारळ मीच फोडला. पुढच्या पावसाळ्यात एकदा गाड्यावर भजी घेतली. भजी संपली आणि कागदाच्या तेलातून सहस्रकुंडाचा दगड वर आला. कड्याची उंची सतरा मीटर तीन सेंटीमीटर. मी त्या धबधब्याला जन्मात गेलेलो नाही. तो आकडा मी घरात बसून ठोकून दिला होता, म्हणजे जगात दुसऱ्या कुणाकडं तो असणं शक्यच नव्हतं. खाली छापलेलं होतं, अमृतरावाच्या क्लासचं नाव.

तो कागद घेऊन तसाच त्याच्याकडं गेलो. तो झोपाळ्यावर बसला होता. उठला नाही.

"अमृत, हे काय आहे?"

"गणितं आहेत."

"कुणाची?"

"ती वही कुणी उकरून काढली होती रे?" त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं पसरले. "नखं कुणाची गेली होती, तुझी का माझी?"

ती वही त्यानं मला दिली असं मी तेवीस वर्षं समजत होतो. त्यानं ती नुसती माझ्याकडं ठेवायला दिली होती. आणि मी त्याच्या घरात पासवर्ड टाकायला लाजलो होतो.

"मग?" लायबानं हळूच विचारलं.

मग काय! मी सोडतो होय? डबा तिथंच राहू दिला. आठ दिवस लॅपटॉपपुढं बसलो आणि चारही हजार गणितांची उत्तरं फिरवली. नवाला कोंबडी आरवली, नवी नक्कल माळ्यावर गेली, अमृतरावानं डोळे मिटून छापली. सराव परीक्षेत त्याच्या तीनशे पोरांनी कड्यावरून दगड सोडला आणि तो वर गेला! मालगाडी मुदखेडहून निघाली आणि मुदखेडलाच पोचली. पालकांनी बोर्ड उतरवला, अमृतराव माझ्या दारात येऊन रडला, आणि मी सामान बांधून ताठ मानेनं नांदेडला आलो.

मी हसलो. लायबा हसली नाही.

"सर, ते कोणतं साल?"

"सोळा."

"सोळाच्या जूनपासून मी त्याच क्लासला होते. दोन्ही वर्षं." तिचा आवाज खाली आला. "दगड एक पूर्णांक शहाऐंशी सेकंदांत खालीच पडत होता. सगळी उत्तरं बरोबर होती, सर. तुम्ही एकसुद्धा बदललं नाही."