कपाटाआडची मेमरी

मानवाने आजवर जे जे निर्माण केलं, त्यात कॉम्प्युटरइतकं विश्वासू काहीच नाही. सांगितलं तेवढंच तो करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि दर मंगळवारी दुपारी बंद पडतो. बंद पडला की अख्खं ऑफिस साहेबांना हाका मारतं. साहेब येतात, बंद पडलेलं पुन्हा चालू करतात आणि काही न बोलता निघून जातात. एवढ्या भांडवलावर एकोणीस वर्षांत ते खात्याचे प्रमुख झाले होते.

पहिलीच्या मुलांना कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते सांगायला कुणी जाणता माणूस पाठवा, असं शाळेचं पत्र ऑफिसात आलं, तेव्हा सगळ्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं. अडचण एकच होती. त्याच वर्गात त्यांची मुलगी होती.

घरी तिला मुंगी म्हणत. चालणं हळू, बोलणं हळू. तीन अधिक दोन किती म्हटलं की आधी ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघे, मग बोटांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "येईल हो तिचं तिला," असं बायको म्हणायची आणि साहेब मान डोलवायचे. पण चारचौघांत तिला कुणी काही विचारलं की उत्तर साहेबच देऊन टाकायचे.

आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवलं.

"मुंगे, उद्या मी तुझ्या वर्गात येणार आहे."

"बाबा म्हणून?"

"नाही गं. सर म्हणून. तिथे बाबा म्हणायचं नाही. सर म्हणायचं."

"का?"

"नाहीतर बाकीच्यांना वाटेल, हिचे लाड चाललेत."

कारण बरं सुचलं होतं. खरं कारण असं, की पोरीचं उत्तर चुकलंच तर ती कुणाची हे कळायला नको. ते कळण्याची भीतीही फारशी नव्हती. नेहमीच्या बाई रजेवर होत्या, बदलीवर आलेल्या बाईंना अजून मुलांचीच नावं पाठ नव्हती, आणि मोठ्या बाईंना पालक म्हणून भेटायची ती तिची आई.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मुलांचाच कॉम्प्युटर केला. कल्पना झक्कास होती. पुढच्या बाकावरची दोघं कीबोर्ड झाली. एक दात पडलेली मुलगी हातात पाटी धरून स्क्रीन झाली. प्रत्येक गोष्टीला हरकत घेणाऱ्या एका मुलाला वर्ग वकील म्हणे, तो झाला मेंदू. राहिली मेमरी.

"मेमरी आत असते, बाहेरून दिसत नाही," असं म्हणत साहेबांनी मुंगीला उचललं आणि मागच्या कपाटाच्या आड खुर्चीवर उभं केलं. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर होतं. सोयीच्या दृष्टीने तर फारच बरोबर होतं. मेमरीला बेरीज करावी लागत नाही.

"तुझ्याकडे आकडा येईल. तो सांभाळायचा. मेंदूने 'दे' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. कळलं?"

"हो, सर," मुंगी म्हणाली.

"सर, मेमरीला मधली सुट्टी असते का?" वकिलाने विचारलं.

"नसते. ती सुट्टीवर गेली तर कॉम्प्युटर सगळं विसरेल ना!"

वर्ग खदखदून हसला. साहेबांनाही आपलं बोलणं आवडलं.

कीबोर्डने चाराचं कार्ड पाठवलं, ते मुंगीकडे गेलं. मग तिनाचं कार्ड आलं, ते मेंदूपाशी थांबलं. आता मेंदूने मेमरीकडे चार मागायचा, असा बेत होता. पण वकिलाला चार आठवत होता. त्याने कुणाला काही न विचारता "सात!" म्हणून आरोळी ठोकली, स्क्रीनने सात लिहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्तर बरोबर आल्यावर ते कुठल्या वाटेने आलं हे साहेब ऑफिसातही बघत नसत. इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं ओळीने बाहेर गेली आणि साहेबांना मोठ्या बाई चहाला घेऊन गेल्या.

चहाबरोबर बिस्किटं होती. लहान मुलांना कठीण विषय सोपा करून कसा सांगावा यावर साहेब अर्धा तास बोलले. तिसरं बिस्कीट बुडवताना बदली बाई दारात आल्या.

"बाई, एक मुलगी वर्गातच आहे. खुर्चीवरून उतरतच नाही. आणि..." त्यांनी साहेबांकडे बघून वाक्य सोडून दिलं.

मुंगी कपाटाआड होती तिथेच होती. दोन्ही हातांनी कार्ड छातीशी धरलेलं. स्कर्ट ओला, मोजे ओले, आणि खुर्चीखालून फरशीवर एक ओघळ दारापर्यंत आलेला.

"अगं, उतरायचं नाही का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मेंदूने 'दे' म्हटलंच नाही."

"कमाल आहे! लागली तर सांगावं, एवढंही घरी शिकवत नाहीत. कुणाची गं तू?"

मुंगीने साहेबांकडे पाहिलं. काय म्हणायचं नाही हे त्यांनी तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिने कार्ड आणखी घट्ट धरलं.

"हल्लीचे आईबाप! तुम्हीच सांगा, साहेब."

साहेब म्हणाले, "हं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं अशा वेळी माणसाला वाटतं. इथे फरशी होती, आणि ती पुसायला शाळेच्या मावशी आल्या होत्या. बालवर्गापासून रोज सकाळी फाटकावर मुंगीचा हात साहेबांच्या हातातून आपल्या हातात घेणाऱ्या त्या याच मावशी. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाय उचला जरा, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा. मग ते पुढे झाले.

"दे," ते म्हणाले.

मुंगीने कार्ड दिलं. घामाने ते मऊ पडलं होतं. त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं, तसा त्यांचाही शर्ट ओला झाला.

"बाई, ही माझी मुलगी."

बदली बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मोठ्या बाईंनी मात्र क्षणही घालवला नाही. "अय्या, हो का? केवढी शिस्त हो पोरीला!"

"आता बाबा म्हणू?" मुंगीने त्यांच्या कानात विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती मात्र बाबा म्हणाली नाही. तिला फक्त नियम विचारून घ्यायचा होता.

शाळेच्या जादा कपड्यांत तिच्या मापाचा स्कर्ट निघाला नाही. एक हाफपँट होती, कमरेला दोन बोटं सैल. ती सोमवारी धुऊन परत द्यायची होती.