नववा ठिपका

या, सतरंजीवर जागा आहे, जवळ सरका. एक गोष्ट ऐकवायची आहे. मोठी नाही, रक्ताच्या ठिपक्याएवढीच.

मनस्विनीने भर दुपारी खिडकीचा पडदा ओढला, निळा दिवा लावला आणि कागद त्याखाली धरला. कागदावर रक्ताचे बारा ठिपके होते. अकरा उजळले. नववा काळाच राहिला.

तिने कागद फिरवून पाहिला, ओढणीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. नववा ढिम्म.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत चार वर्षे ती एकाच प्रथिनाच्या मागे होती. रक्तातल्या लाल पेशीची राखण करणारे विकर ते. पाचशेवर मण्यांची माळ म्हणा. नीट दुमडून बसली तर पेशीला झळ लागू देत नाही. एखादा मणी वेगळा ओवला गेला की घडी विसकटते आणि राखणदार जागेवर नसतो. एरवी त्या माणसाचे काही अडत नाही. पण एखादे औषध, किंवा ट्रंकेतल्या डांबरगोळीचा नुसता वास, आणि पेशी भराभरा फुटू लागतात. तान्ह्या जिवाला तर दोन दिवस पुरतात. राखणदार शाबूत असला की ठिपका उजळतो. परीक्षा एवढीच.

मुखेडच्या दवाखान्यातून बाळांच्या नाळेचे रक्त एसटीने येई. ही पेटी आली तेव्हा गाडी वाटेत बंद पडलेली, बर्फाचे पाणी झालेले. त्यात प्रबंधाचे प्रकरण संपवायचे म्हणून मनस्विनीने नळ्या दहा दिवस फ्रीजमध्येच ठेवल्या होत्या. ते आठवताच तिने प्रबंधाचे मार्गदर्शक रेणुकादास सरांना फोन लावला.

"उन्हानं ते विकर मेलं असेल गं," सर म्हणाले. "सोमवारी नवा नमुना मागव. उगाच बाळंतिणीच्या घरात घबराट नको."

"ऊन सगळ्या नळ्यांना सारखंच लागलं सर. अकरा जगल्या."

सर मग म्हणाले, "मग माझ्याशी काय बोलत बसलीस?"

पेटी पाठवणाऱ्या नर्सबाई उज्वला. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे बायकांचा कालवा आणि पाळण्याचे गाणे.

"उज्वलाताई, नऊ नंबरचं बाळ कसं आहे?"

"शंभर वर्षं जगताल मॅडम! त्याच्याच बारशाला आलेय मी. शिल्पाचं लेकरू. लई गोड हाय. जरा पिवळं दिसायलंय, पण त्याची आजी रोज कवळ्या उन्हात धरती."

"अंगावर काय आहे त्याच्या?"

"काय न्हाई अजून. आत्ता ट्रंक उघडली, घरातली जुनी कुंची घालायची हाय ना. डांबरगोळ्यांचा वास बघा, हितपर्यंत..."

मनस्विनीच्या मागे खुर्ची आडवी झाली. "घालू देऊ नका! आजीला फोन द्या. पळा!"

शिल्पाची आई कोंडाबाई. लेकीचे पहिले बाळंतपण, म्हणून माहेरी.

"कोण बोलायलंय?"

"मावशी, मी नांदेडहून बोलतेय, रक्त तपासणारी. बाळाच्या रक्तात एक राखणदार कमी आहे. तो वास त्याला विष आहे. कुंची लांब ठेवा आणि त्याला दवाखान्यात न्या. आत्ता."

"बारशाच्या दिशी असं अभद्र बोलायलीस व्हय गं माय? माझ्या सासूच्या सासूनं शिवलेली कुंची हाय ती. शिल्पी बी हिच्यातच निजली. काय झालं तिला?"

"पोरींना सहसा नाही होत मावशी. पोरांना होतं."

मनस्विनीने फोन कानात रुतेल असा दाबला. लोखंडी झाकण आपटल्याचा आवाज आला.

"शिल्पे, लेकरू घेऊन भायेर व्हय. उज्वला, जीप बघ कुणाची तरी. गाणं बंद करा गं!"

मनस्विनीने आडवी खुर्ची उभी केली. फोन बंद करावा म्हणून तिने बोट नेले, तेवढ्यात कोंडाबाईचाच आवाज आला, पण हळू.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"शिल्पीच्या आधी मला पोरगा होता. हौस लई मला. बारशाची वाट बघवंना, म्हणून पाचवीलाच कुंची घातली त्याला. दोन दिसांत हळदीवानी झाला, अन् गेला. माझ्याच हातानं घातली होती. त्यानंच झालं आसंल का गं?"

हा दोष आईकडून लेकाकडे उतरतो, हे वाक्य मनस्विनीने स्वतः प्रबंधात लिहिले होते. पानसुद्धा तिला ठाऊक होते.

"मावशी," ती म्हणाली, "त्याचं रक्त माझ्याकडं नाही. मला नाही सांगता येणार."

"हाव," कोंडाबाई म्हणाली. "तुला कसं ठावं असणार." मग जीपचा आवाज, आणि त्या गडबडीत तिचे शेवटचे, "जेवलीस का गं माय?"

लेकरू संध्याकाळच्या आत नांदेडला पोचले आणि वाचले. आता तर रांगते. पण तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा कोंडाबाईच्या त्या पहिल्यालाही आठवा. बारशापर्यंत तो राहिला नाही, म्हणून त्याला नाव नाही. बिननावाचाच आठवा.